फाइलचं नाव का बदलत नाही?

आजचा इतिहास लढाईचा नाही, ऑफिसातल्या टेबलावरचा आहे. बडोदा असो, इंदूर असो की बेंगळुरू, एक तक्रार सगळीकडे ऐकू येते : फाइलचं किंवा फोल्डरचं नाव बदलायला गेलं की संगणक नकार देतो. मग कोणी यंत्र बंद करून पुन्हा चालू करतं, कोणी व्हायरसला शिव्या घालतं, आणि शेवटी दोष बिचाऱ्या कारकुनावर येतो. खरं तर यातले बरेचसे नकार म्हणजे चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी निघालेले हुकूम आहेत. ते कोणी रद्द केले नाहीत, म्हणून अजून चालू आहेत.

सुरुवात १९७४ पासून करू. अमेरिकेत गॅरी किल्डॉल यांनी छोट्या संगणकांसाठी सीपी/एम ही प्रणाली तयार केली. फाइलचं नाव आठ अक्षरांचं आणि पुढे तीन अक्षरांची शेपटी, हा तिचा नियम. १९८० मध्ये सिएटलच्या टिम पॅटरसन यांनी त्याच वळणाची प्रणाली लिहिली. मायक्रोसॉफ्टनं ती विकत घेतली आणि ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमच्या पीसीबरोबर ती डॉस म्हणून बाजारात आली. त्या पहिल्या डॉसमध्ये फोल्डर नव्हतेच. सगळ्या फाइली एकाच पातळीवर. यंत्राला जोडलेल्या उपकरणांनाही फाइलसारखी नावं होती : कीबोर्ड आणि पडदा म्हणजे ‘कॉन’, प्रिंटर म्हणजे ‘पीआरएन’, जोडतारेचं तोंड म्हणजे ‘ऑक्स’, आणि लिहिलेलं सगळं गिळून टाकणारं ‘नल’.

मार्च १९८३ मध्ये डॉसची दुसरी आवृत्ती आली आणि तिच्यात फोल्डर आले. आता जुने प्रोग्राम कोणत्याही फोल्डरमधून प्रिंटरला हाक मारणार, आणि ते बंद पडून चालणार नव्हतं. म्हणून ही नावं प्रत्येक फोल्डरमध्ये राखीव ठेवली गेली. आठवत असेल, ‘कॉन नावाचं फोल्डर जगात कोणालाच करता येत नाही, हे एका भारतीयानं शोधलं आणि मायक्रोसॉफ्टलाही उत्तर देता आलं नाही’ असा एक संदेश आपल्याकडे वर्षानुवर्षं फिरत होता. उत्तर हे एवढंच आहे. नव्या आवृत्त्यांत नियम थोडा सैल झाला, तरी ही नावं टाळा हाच मायक्रोसॉफ्टचा सल्ला आहे. ऑक्झिलरी सामानाच्या फोल्डरला कोणी इंग्रजीत थोडक्यात ‘ऑक्स’ म्हणायला गेलं, तर गाडी इथेच अडते.

दुसरा हुकूम आडव्या रेघेचा. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत सुरू झालेल्या युनिक्समध्ये फोल्डर वेगळे दाखवायला स्लॅश वापरत. डॉसमध्ये मात्र स्लॅश आधीच आज्ञेचे पर्याय सांगायला वापरला गेला होता. म्हणून फोल्डरसाठी उलटा स्लॅश घेतला. परिणामी नावात दोन्ही बंद. आणि आपल्या सरकारी पत्राचा क्रमांक तर ऑब्लिकशिवाय पुरा होत नाही! फौजेत काय आणि कचेरीत काय, जावक क्रमांक जसाच्या तसा टाइप केला की नकार ठरलेला. अपूर्णविराम, तारा, प्रश्नचिन्ह, दुहेरी अवतरणचिन्ह, दोन्ही कोनी कंस आणि उभी रेघ यांनाही विंडोजमध्ये मज्जाव आहे, कारण प्रत्येकाला जुन्या आज्ञांमध्ये काम नेमून दिलेलं होतं. उपाय सोपा आहे. ऑब्लिकच्या जागी छोटी रेघ द्या, आणि तारीख वर्षापासून लिहा : २०१९-०३-१२. फाइली आपोआप तारखेच्या क्रमानं लागतात.

तिसरा हुकूम लांबीचा. विंडोज ९५ नं आठ अक्षरांचं बंधन काढून २५५ पर्यंत मोकळीक दिली. पण ड्राइव्हच्या अक्षरापासून फाइलच्या शेपटीपर्यंत सगळा पत्ता २६० च्या आत बसवायचा, ही अट राहिली. त्यामुळे वरच्या फोल्डरचं नाव लांबवलं की आतल्या फाइली हद्दीबाहेर जातात आणि उघडेनाशा होतात. २०१६ पासून विंडोज १० मध्ये ही मर्यादा उठवण्याची सोय आहे. पण ती मुद्दाम चालू करावी लागते, आणि वापरातल्या प्रोग्रामलाही ती मान्य असावी लागते. तोवर वरच्या फोल्डरांची नावं आखूड करणं हाच मार्ग.

इथे मराठी माणसानं एक हिशेब ध्यानात ठेवावा. ‘महाराष्ट्र’ हा शब्द आपल्याला चार अक्षरांचा दिसतो. संगणक काना आणि हलन्तही वेगळे मोजतो, त्याच्या लेखी ते दहा. ऑफिसचा सर्व्हर लिनक्सचा असेल तर नावाला बहुधा २५५ बाइटची मर्यादा असते, आणि देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइट खाते. म्हणजे ८५ खुणांत नाव संपलं. शिवाय युनिकोड न जाणणारा जुना प्रोग्राम देवनागरी नावाची नुसती प्रश्नचिन्हं करतो. प्रश्नचिन्हाला तर नावात मज्जावच, म्हणून समोर दिसणारी फाइल उघडत नाही.

शेवटचा नकार सगळ्यांत जास्त भेटतो : ‘फाइल दुसरीकडे उघडी आहे.’ युनिक्समध्ये फाइलची ओळख एका क्रमांकात असते आणि नाव ही त्या क्रमांकाला लावलेली चिठ्ठी. त्यामुळे फाइल उघडी असतानाही चिठ्ठी बदलता येते. विंडोजमध्ये फाइल उघडणारा प्रोग्राम इतरांना काय करू द्यायचं ते ठरवतो. बहुतेक प्रोग्राम नाव बदलू देत नाहीत, आणि आतली एक फाइल अडली की सबंध फोल्डर अडतं.

हा नकार खरा महाग पडतो. निवृत्तीनंतर मी माजी सैनिकांच्या कुटुंबांना कागदपत्रांत मदत करतो. एका कार्यालयात एका वीरपत्नीच्या नावाचं स्पेलिंग दुरुस्त करायचं होतं. फाइल दुसऱ्या टेबलावर उघडी होती, नाव बदलेना. कारकुनानं प्रत काढली, ‘अंतिम नवीन’ असं नाव दिलं आणि दुरुस्ती तिच्यात केली. पुढे गेली ती जुनीच फाइल. त्या बाईंचं निवृत्तिवेतन चार महिने अडलं. कारकून आळशी नव्हता. संगणक काय म्हणतो आहे, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून नकार आला की प्रत काढू नका. आधी शेजारच्या टेबलांवर विचारा, फाइल कोणाकडे उघडी आहे का. फोल्डरच्या खिडकीतलं पूर्वदृश्य बंद करा, कधी कधी तेच फाइल धरून बसतं. वर्डची फाइल असेल तर नागमोडी रेघ आणि डॉलरच्या खुणेनं सुरू होणारी लपलेली छोटी फाइल मागे राहिली आहे का ते पाहा. वर्ड सगळीकडे बंद असल्याची खात्री करून मगच ती काढा. एवढं करूनही अडलं, तर तुम्हाला बदलाची परवानगी आहे का हे साहेबांना विचारा.

हे चार-पाच हुकूम एका कागदावर लिहून ऑफिसच्या भिंतीवर लावा. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी दाखवा. भेटू पुढच्या भागात. जय हिंद.