पावसाळ्यानंतर मुंबईत गळ टाकायचाय? फोनवरचे कोणते आकडे बघायचे, कोणते सोडून द्यायचे

गणपती गेले, पाऊस ओसरला की वरळी सी-फेस, प्रियदर्शिनी पार्कमागचे खडक आणि दादर चौपाटीचा कठडा इथे रॉड घेतलेली पोरं दिसायला लागतात. त्यातल्या निम्म्यांच्या हातात दुसऱ्या बाजूला फोन असतो, आणि फोनवर एखादं अमेरिकन फिशिंग अ‍ॅप उघडं असतं. 'आज मासा लागण्याची शक्यता ८७ टक्के' असं ते अ‍ॅप सांगतं. हा आकडा येतो कुठून, त्यावर विश्वास ठेवायचा का, आणि ठेवायचा नसेल तर मग नेमकं बघायचं काय, ते या लेखात समजून घेऊ.

आधी एक मूलभूत फरक. यूट्यूबवर समुद्रातल्या फ्लाय फिशिंगचे जे व्हिडिओ गाजतात, त्यातले बरेचसे अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरचे असतात. तिथे शरद ऋतूत पाणी झपाट्याने गार होतं आणि 'स्ट्राइप्ड बास' नावाचा मासा थव्यांनी दक्षिणेकडे सरकतो. म्हणून तिकडचे लोक पाण्याच्या तापमानावर डोळा ठेवून असतात आणि त्यांची अ‍ॅप्सही तो आकडा सगळ्यात वर दाखवतात. आपल्याकडे ऑक्टोबरमध्ये समुद्राचं पाणी २८ ते ३० अंशांच्या आसपासच राहतं. एका अंशाच्या फरकाने इथला मासा गाव सोडत नाही. मुंबईत खेळ ठरतो तो भरती-ओहोटी, पाण्याचा गढूळपणा आणि वारा या तिघांवर.

भरतीचा आकडा म्हणजे लाटेची उंची नव्हे

दर पावसाळ्यात टीव्हीवर पट्टी फिरते, 'आज समुद्रात साडेचार मीटरच्या लाटा उसळणार'. हे साफ चूक असतं. साडेचार मीटर ही भरतीच्या पाण्याची पातळी असते, लाटेची उंची नाही. ही पातळी मोजतात ती एका ठरलेल्या शून्यापासून. नकाशांसाठी वापरायचा हा शून्य खालच्या ओहोटीच्या जवळपास धरलेला असतो, त्याला चार्ट डेटम म्हणतात. मुंबईसाठी हे मोजमाप अपोलो बंदरला होतं, आणि तिथल्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत. भरती-ओहोटीचं अधिकृत कोष्टक भारतीय सर्वेक्षण विभाग छापतो.

आता फोनवरची गंमत बघा. एक अ‍ॅप आजची भरती ४.४ मीटर दाखवतं, दुसरं १.९. दोन्ही बरोबर असू शकतात! पहिलं चार्ट डेटमपासून मोजतं, दुसरं सरासरी समुद्रपातळीपासून. मुंबईत या दोन शून्यांमध्ये सुमारे अडीच मीटरचं अंतर आहे. अ‍ॅपमध्ये ओहोटीचा आकडा उणे येत असेल, म्हणजे –१.७ वगैरे, तर ते सरासरी पातळीवरून मोजतंय असं समजा. अ‍ॅप कुठलंही ठेवा, पण एकच ठेवा. ठिकाण म्हणून 'मुंबई, अपोलो बंदर' निवडा आणि वेळ भारतीय प्रमाणवेळेत आहे ना, ते एकदा तपासा. काही हवामान साइट्स सुरुवातीला जागतिक वेळ दाखवतात, म्हणजे सरळ साडेपाच तासांचा घोळ.

वेळ ताडून बघायला आपल्याकडे अ‍ॅपच्या कितीतरी आधीचा हिशोब आहे, तिथीची पाऊणपट. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. हिशोब तासभर इकडेतिकडे होतो, पण अ‍ॅप भलतंच काही सांगत असेल तर लगेच कळतं. कॅलेंडर भिंतीवर आहेच.

उधाण की भांग?

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती येते, अष्टमीच्या आसपास भांगाची. मुंबईत उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटीच्या पातळीत सरासरी साडेतीन मीटरहून जास्त फरक असतो, भांगाच्या दिवसांत जेमतेम दीड मीटर. मोठमोठे प्रवाह म्हणजे जास्त मासे असा समज आहे. आमिष लावून गळ टाकणाऱ्यांसाठी त्यात तथ्य आहे, कारण मासा आमिषाच्या वासावर येतो आणि वाहत्या पाण्यात वास लांब पसरतो. पण फ्लाय किंवा ल्युअर वापरणार असाल तर गणित उलटं होतं.

कारण आपला समुद्रतळ. माहीम, दादर, शिवडी, सगळीकडे बारीक चिखल आहे. उधाणाचा प्रवाह तो ढवळतो आणि पाणी चहासारखं होतं. पिसं-धागे बांधून केलेली फ्लाय म्हणजे नुसता देखावा, तिला वास नाही. ती माशाला दिसलीच नाही तर तो धरणार काय? भांगाच्या दिवसांत प्रवाह मंदावतो, चिखल खाली बसतो, आणि पाणी त्यातल्या त्यात निवळतं. त्यात मुंबईचा आणखी एक योगायोग असा की भांगाची भरती इथे सकाळ-संध्याकाळी येते. अष्टमी ते एकादशी या दिवसांत पूर्ण भरती उजाडताना किंवा त्यानंतर थोड्या वेळाने. निवळ पाणी, भरलेला किनारा आणि कोवळं ऊन, तिन्ही एकत्र. माझ्या मते ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये फोनच्या कॅलेंडरवर खूण करायची तर याच चार दिवसांची करावी.

वारा: खारे आणि मतलई

शाळेत भूगोलात पाठ केलेलं इथे उपयोगी पडतं. मान्सून मुंबईतून परत फिरण्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर आहे. तो गेला की पश्चिमेचा सततचा रेटा थांबतो आणि रोजचं चक्र सुरू होतं: पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे, दुपारनंतर समुद्राकडून खारे वारे. गिरगावपासून माहीमपर्यंत आपला बहुतेक किनारा पश्चिमेला तोंड करून आहे, त्यामुळे पहाटे वारा पाठीशी आणि दुपारी थेट तोंडावर.

फ्लाय फिशिंगमध्ये हे फार महत्त्वाचं. साध्या गळाला शिसाचं वजन असतं, ते दोरीला ओढत नेतं. फ्लायला वजनच नसतं, वजन असतं ते जाड दोरीत, आणि ती दोरी हवेत मागेपुढे झुलवून फेकायची असते. वारा १० नॉट्सच्या वर गेला की नवख्याला ती सांभाळता येत नाही. (एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. अ‍ॅपमध्ये एकक कोणतं आहे ते बघा, १० नॉट्स आणि १० किलोमीटर यात जवळपास दुपटीचा फरक आहे.) शिवाय झुलवायला मागे वीस-पंचवीस फूट तरी मोकळी जागा लागते. वरळी सी-फेसवर मागे सकाळचे फिरणारे काका-काकू असतात. तिथे फ्लाय रॉड नकोच, साधा स्पिनिंग रॉड बरा.

लाट बघताना उंचीशेजारचा आकडा वाचा

विंडीसारख्या अ‍ॅपमध्ये लाटेच्या उंचीशेजारी सेकंदांमध्ये एक आकडा असतो. बहुतेक जण तो वाचतच नाहीत. तो म्हणजे एका लाटेनंतर दुसरी यायला लागणारा वेळ. इथल्याच वाऱ्याने उठलेल्या लाटा पाच-सहा सेकंदांच्या असतात. १२-१४ सेकंद दिसले तर ती लाट दूरवरून, एखाद्या वादळाकडून किंवा थेट हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाकडून आलेली आहे. तेवढ्याच उंचीची १४ सेकंदांची लाट सहा सेकंदांच्या लाटेपेक्षा दुपटीहून जास्त ऊर्जा किनाऱ्यावर आणून आपटते, आणि ती येते तेव्हा इथे वारा पडलेला, आकाश निरभ्र असू शकतं.

म्हणूनच हा मोसम दिसतो तितका गरीब नाही. मान्सूननंतर अरबी समुद्रात वादळं होतात. ११ नोव्हेंबर २००९ ला 'फयान' अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर आलं आणि कोकणातले अनेक मच्छीमार त्यात गेले. ऑक्टोबर २०१९ मधलं 'क्यार' मुंबईला न शिवता ओमानच्या दिशेने गेलं, तरी त्याच्या लाटा कोकण किनाऱ्यावर येऊन आदळल्याच. हैदराबादच्या 'इन्कॉइस' या सरकारी संस्थेचं 'समुद्र' नावाचं मोफत अ‍ॅप आहे, त्यात उंच लाटांचे आणि लांबून येणाऱ्या लाटांचे इशारे मिळतात. त्याची सूचना फोनवर चालू ठेवा. बाकी सगळ्या अ‍ॅप्सच्या सूचना बंद केल्या तरी चालतील.

त्याच अ‍ॅपमध्ये 'संभाव्य मासेमारी क्षेत्र' असाही भाग आहे. ते बघून पोरं खूश होतात, पण किनाऱ्यावरून गळ टाकणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. उपग्रह पाण्याचा रंग आणि तापमान मोजतो, रंगावरून हरितद्रव्य म्हणजे सूक्ष्म वनस्पती कुठे दाट आहेत ते कळतं, आणि तिथे मासा जमण्याची शक्यता असते. २६ नोव्हेंबर २०२२ ला सोडलेला ओशनसॅट-३ हेच काम करतो. ही माहिती बंदरापासूनची दिशा, किलोमीटर आणि खोली अशी दिलेली असते, ती बोटवाल्यांसाठी. आपल्या किनाऱ्यालगतचं पाणी इतकं गढूळ आहे की वरून रंग बघून हरितद्रव्य आणि चिखल यांत फरक करणं अवघड. ढग असले तर तेही दिसत नाही.

आणि ते ८७ टक्के? त्यामागे बहुतेकदा 'सोल्युनार' कल्पना असते, १९२६ साली जॉन अल्डेन नाइट या अमेरिकन माणसाने मांडलेली: चंद्र डोक्यावर किंवा पायाखाली असताना मासे जास्त खातात. त्या आकड्याला मिठी नदीतून आज किती गाळ आला ते माहीत नसतं. खुशाल सोडून द्या.

पाणी किती वेगाने चढतं

हा भाग मात्र नीट वाचा. ओहोटीपासून भरतीपर्यंत साधारण सहा तास, पण पाणी सारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक भाग. उधाणाच्या दिवशी चढ ३.६ मीटर धरला तर तिसऱ्या आणि चौथ्या तासात पाणी दर तासाला ९० सेंटिमीटर चढतं. दहा मिनिटांत वीतभर. भांगाच्या दिवशी तेच तासाला ३५ सेंटिमीटर असतं.

आता हे तिथीच्या हिशोबाशी जोडा. पौर्णिमेला भरती साडेअकरा-बाराच्या सुमारास, म्हणजे ओहोटी पहाटे साडेपाच-सहाला. उजाडताना खडप लांबवर उघडं पडलेलं असतं, माणूस सहज टोकापर्यंत चालत जातो. पहिले दोन तास पाणी हळू चढतं, काही वाटत नाही. मासा लागायला सुरुवात होते तीही तेव्हाच. मग आठ-साडेआठनंतर पाणी धावायला लागतं, आणि ते समोरून येत नाही, आधी मागच्या सखल घळीत भरतं. हाजी अलीला जाणारी वाट भरतीला कशी पाण्याखाली जाते ते सगळ्यांनी पाहिलंय, तोच प्रकार. म्हणून ओहोटीच्या वेळेत दोन तास मिळवून फोनवर गजर लावायचा, आणि वाजला की मासा लागलेला असो-नसो, मागे फिरायचं. परळ-लालबागवाल्यांना शिवडी जवळ पडते, पण तिथे खडक नाही, गुडघ्याच्या वर रुतणारा चिखल आहे. त्यात उतरू नका. मरिन ड्राइव्हच्या टेट्रापॉडवरही नको, शेवाळावरून पाय सटकला की मधल्या फटीतून माणूस काढायला अग्निशमन दलच लागतं.

पालिकेचा आपत्कालीन क्रमांक १९१६, तटरक्षक दलाचा १५५४, आणि एरवी ११२. तिन्ही सेव्ह करून ठेवा. फोन वॉटरप्रूफ पाऊचमध्ये, गळ्यात. खाऱ्या पाण्याने चार्जिंगचं भोक गंजतं, घरी आल्यावर ते पूर्ण सुकेपर्यंत चार्जर लावू नका.

काय लागतं, काय ठेवायचं

पावसाच्या पाण्याबरोबर खाड्यांत वाढलेली कोळंबी आणि बोयची पिल्लं या दिवसांत मुखांकडे सरकतात, आणि त्यांच्यामागे जिताडा, रावस, तांबोशी. फ्लायही तशीच बांधायची, कोळंबीसारखी किंवा बोटभर बोयसारखी. शिंगाळा न बोलावता येतो, त्याचे काटे सांभाळा. पाकटही याच दिवसांत उथळ पाण्यात असतात. २०१३ च्या विसर्जनात गिरगाव चौपाटीवर अनेकांना त्यांचे काटे लागले होते. पाण्यात चालताना पाय न उचलता घसटत चाला, म्हणजे पाकट आधीच सरकतं. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवा आणि थेट हॉस्पिटल गाठा.

जिताडा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे फोटोसाठी सगळे ज्या आकाराची वाट बघतात ती बहुतेक अंड्यांवर येणारी मादी असते. ती फोटो काढून परत सोडावी. लहान माशांबाबत तर नियमच आहे: २०२३ मध्ये राज्य सरकारने ५४ जातींसाठी किमान आकार ठरवून दिला. त्यात पापलेट, म्हणजे आपला राज्य मासा, १३५ मिलिमीटर आणि बोंबील १८०. रॉडवरच कायमच्या शाईने दोन खुणा करून घेतल्या की मोजपट्टी लागत नाही. माहीमला मिठीच्या मुखाशी लागलेला मासा मी तरी खाणार नाही.

वरळी कोळीवाड्याच्या क्लीव्हलंड बंदराजवळ जाणार असाल तर होड्यांची वाट सोडून उभे राहा. कोस्टल रोडच्या दोन खांबांमधलं अंतर ६० वरून १२० मीटर करून घ्यायला तिथल्या मच्छीमारांना २०२२ च्या अखेरपर्यंत भांडावं लागलं, ते या वाटेसाठीच. दोरी अडकून तुटली तर जमेल तेवढी गुंडाळून परत आणा, नायलॉन पंख्यात अडकलं की होडी मधेच बंद पडते. आणि फोटो टाकताना लोकेशन बंद ठेवा, नाहीतर पुढच्या रविवारी त्याच खडकावर चाळीस जण उभे असतील.