कुंडलिकेचे पाणी

रेवदंड्याच्या खाडीत कुंडलिका नदी समुद्रास मिळते हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. परंतु उन्हाळ्यातही तिला पाणी असते ते घाटावरच्या मुळशीचे, हे थोड्यांनाच माहीत असेल.

मुंबईच्या गिरण्या तेव्हा कोळशावर चालत. घाटमाथ्यावरचा पाऊस पूर्वेकडे वाहून जाऊ न देता अडवावा आणि खाली कोकणात सोडून वीज करावी, ही कल्पना मुंबईतील डेव्हिड गॉसलिंग यांची. जमशेटजी टाटांना ती पटली, पण ते 1904 साली वारले. पुढे लंडनचे सल्लागार अभियंते आल्फ्रेड डिकिन्सन यांनी योजना आखली आणि 1915 साली खोपोलीची वीज मुंबईस पोहोचली. पाणी सुमारे 500 मीटर खाली येते, म्हणून थोड्या पाण्यातही मोठी शक्ती.

1927 साली भिऱ्याचे केंद्र सुरू झाले. घाण्यावर तेल काढणाऱ्या आपल्या शनवार तेल्यांच्याच कुलाबा जिल्ह्यात! तज्ज्ञांचे पाण्याचे गणित अचूक होते. मुळशीच्या शेतकऱ्यांचा हिशेब मात्र त्यात नव्हता. भातखाचरे बुडाली. 1921 पासून सत्याग्रह झाला, सेनापती बापटांनी तुरुंग सोसला, तरी धरण झालेच.

नंतर भिऱ्याला 150 मेगावॉटचा उलटाही चालणारा संच बसला. वीज उरली की पाणी वर चढवायचे, मागणी वाढली की खाली सोडायचे. सूर्य आणि वारा यांच्या लहरी विजेला अशी साठवण हवीच. 12 ऑक्टोबर 2020 रोजी मुंबईची वीज गेली आणि लोकलगाड्या जागीच थांबल्या. अशा वेळी पाण्याचे संच काही मिनिटांत चालू होतात. कोळशाच्या केंद्राला तास लागतात.