सोलापूर प्रांतांतील शेतकरी घराण्यांचा शोध : मृत्युपत्रें व जमिनीचें दप्तर

१. जुन्या कागदांच्या संग्राहकांची एक खोड आमच्याही अंगीं पुष्कळ दिवस होती. रुमाल सोडला कीं सनदा, महजर व थोरामोठ्यांचीं पत्रें निराळीं काढावयाचीं. आणि वाटणीपत्रें, खरेदीखतें, पावत्या, मृत्युपत्रें हीं ‘घरगुती’ म्हणून पुन्हां बांधून ठेवावयाचीं. या निवडीनें सरदार-देशमुखांचा इतिहास बराच उजेडांत आला. परंतु ज्यांच्या साऱ्यावर राज्यें चाललीं त्या शेतकरी कुळांचा इतिहास रुमालांतच राहिला. ब्रिटिश अमदानींतील शेतकरी घराण्याची वंशावळ मृत्युपत्रें व जमिनीचे कागद यांवरून कशी लावावी, आणि ती लावतांना फसगत कोठें होते, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, जमिनीचें दप्तर सारा कोणीं भरावयाचा हें सांगतें. घरांत कोण कोण होतें हें तें सांगत नाहीं. दप्तरानें गाळलेलीं माणसें बहुधा मृत्युपत्रांत किंवा कज्जाच्या कागदांत सांपडतात.

२. प्रथम कागद कोठें असावयाचे तें पाहूं. सोलापूरचा किल्ला मे १८१८ मध्यें जनरल मन्रोनें घेतला. निराळा सोलापूर जिल्हा सन १८३८ मध्यें झाला. त्यांत सोलापूर, बार्शी, मोहोळ, माढें, करमाळें यांबरोबर इंडी, हिप्परगी व मुद्देबिहाळ हेही तालुके होते. सन १८६४ मध्यें हा जिल्हा मोडला व पुढें पुन्हां उभा राहिला. त्यांत पंढरपूर व सांगोलें सन १८७१ मध्यें व माळशिरस सन १८७५ मध्यें आलें. दक्षिणेकडील तालुके मात्र विजापुराकडे राहिले. शहरांतील सात रस्ता येथें उभें राहिलें असतां विजापूरकडे जाणारा रस्ता समोर दिसतो. त्याच वाटेनें कित्येक घराण्यांचें पूर्वींचें दप्तर गेलें, हें संशोधकानें ध्यानांत ठेविलें पाहिजे. उलट अक्कलकोट हें सन १९४८ पर्यंत संस्थान होतें व मंगळवेढें सांगली संस्थानाकडे होतें. तेथील कागद संस्थानी दप्तरांत पाहावे लागतात. पेशवाईंतील गांवचे झाडे व ताळेबंद पाहावयाचे तर पुण्याचें पेशवे दप्तर आहेच. घराणें एकाच गांवीं राहिलें, पण त्याचे कागद चार ठिकाणीं गेले, असें या प्रांतीं वारंवार घडतें.

३. दुसरी अडचण शेताच्या नांवाची. पेशवाईच्या कागदांत जमीन थळावरून ओळखली जाते, व थळास बहुधा मूळ मिरासदार घराण्याचें नांव असतें. घराणें बुडालें तरी थळाचें नांव राहतें व तें रान ‘गतकूळ’ म्हणून लिहिलें जातें. प्रिंगलची पहिली मोजणी फसल्यावर सन १८३६ मध्यें गोल्डस्मिड व विंगेट यांनीं इंदापूर तालुक्यापासून नवी मोजणी आरंभिली. तिचे नियम सन १८४७ च्या संयुक्त अहवालानें कायम झाले. त्या मोजणीनें थळ गेलें व सर्व्हे नंबर आला. बिघे-चाहूर जाऊन एकर-गुंठे आले. पुढें सन १९०३ व १९१३ च्या कायद्यांनीं हक्कनोंद सुरू झाली व वारस, खरेदी, वांटप यांचे फेरफार क्रमानें लिहिले जाऊं लागले. सन १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्यानंतर गांवोगांव गट नंबर पडले. म्हणजे एकाच रानाचीं थळ, सर्व्हे नंबर, पोटहिस्सा व गट अशीं चार नांवें झालीं. हीं चार नांवें एका ओळींत जुळवून घेतल्यावांचून वंशावळीस हात घालूं नये. सात रस्त्यासारख्या शहरी भागांत सिटी सर्व्हेचा नंबर ही पांचवी पायरी होय. सनांचाही असाच मेळ घालावा लागतो. फसली सनांत ५९० किंवा ५९१ आणि सुहूर सनांत ५९९ किंवा ६०० मिळविल्यास इसवी सन निघतो. महिना पाहिल्यावांचून यांतील कोणता आंकडा घ्यावा हें ठरत नाहीं.

४. तिसरी अडचण माणसाच्या नांवाची. जुन्या खात्यांत आडनांव क्वचितच असतें. ‘बिन’ किंवा ‘वलद’ या शब्दापुढें बापाचें नांव येतें, व ‘कोम’ या शब्दापुढें नवऱ्याचें. नातवास आज्याचें नांव ठेवण्याची चाल असल्यानें एकाआड एक पिढींत तेंच नांव येतें, व तीन पिढ्यांची एक पिढी करण्याची चूक सहज होते. दुसरी मोठी फसगत एकत्र कुटुंबाची. चार भावांचें रान वडील भावाच्या एकट्याच्या नांवें लागतें, नोंदींत ‘ए. कु. मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, एवढीं अक्षरें असलीं तर असतात. तीं अक्षरें नकलेंत गळलीं कीं तीन भाऊ इतिहासांतून गळले. मुलींचीं नांवें तर पुष्कळदां ‘इतर हक्क’ या रकान्यांत पडतात, आणि हक्कसोडपत्र झालें कीं तेथूनही निघून जातात.

आडनांवाच्या भरंवशावर राहूं नये, याचें सर्वांच्या परिचयाचें उदाहरण जोतीराव फुले यांच्या घराण्याचें आहे. चरित्रकारांनीं दिलेल्या हकीकतीप्रमाणें हें घराणें मूळचें सातारकडील कटगुणचें, आडनांव गोऱ्हे. तेथून तें पुरंदर तालुक्यांत खानवडीस व पुढें पुण्यास आलें. पेशव्यांस फुलें पुरविण्याच्या धंद्यावरून ‘फुले’ हें नांव पडलें. कटगुणच्या कागदांत जो कोणी फुले शोधील त्याच्या हातीं कांहीं लागावयाचें नाहीं. आडनांव सोडून रान, धंदा व वडिलांचें नांव या तीन खुणा धरूनच मागें जावें लागतें.

५. आतां मृत्युपत्रांकडे वळूं. आमच्या प्रांतीं शेतकऱ्यांचीं मृत्युपत्रें इतकीं विरळ कां? कारण कायद्यांत आहे. मिताक्षरेप्रमाणें वडिलोपार्जित मिळकतींत मुलाचा हक्क जन्मतःच असतो, व मयताचा अविभक्त हिस्सा राहिलेल्या सहभागीदारांकडे जातो. सन १८८० मध्यें लक्ष्मण दादा नाईक विरुद्ध रामचंद्र दादा नाईक या कज्जांत प्रिव्ही कौन्सिलनें असा हिस्सा मृत्युपत्रानें देतां येत नाहीं असें ठरविलें. सन १९५६ च्या हिंदु वारसा कायद्याच्या ३० व्या कलमानें ती मोकळीक प्रथम मिळाली. तेव्हां त्यापूर्वीं ज्या शेतकऱ्यानें मृत्युपत्र केलें त्याची जमीन स्वकष्टार्जित असली पाहिजे, किंवा तो विभक्त अथवा निपुत्रिक असला पाहिजे, किंवा कायद्याच्या वाटेनें जें ज्यास मिळणार नाहीं तें त्यास द्यावें अशी त्याची इच्छा असली पाहिजे. म्हणून मृत्युपत्र सांपडलें कीं त्यांतील मिळकतीची यादी वाचण्यापूर्वीं ‘हें लिहिण्याची गरज कां पडली?’ हा प्रश्न करावा.

जोतीराव फुले यांनीं ता. १० जुलै १८८७ रोजीं उईलपत्र केलें. तें त्यांच्या समग्र वाङ्मयांत छापलेलें आहे. यशवंत हा त्यांचा दत्तक पुत्र एका ब्राह्मण विधवेचा मुलगा होता. अन्य जातींतील मुलाचें दत्तविधान त्या वेळच्या न्यायालयांत टिकणें कठीण होतें. दत्तकानें जें निश्चित होईना तें मृत्युपत्रानें निश्चित करावें, हा त्यांतील एक हेतु असावा असें आम्हांस वाटतें. केवळ खाते-उतारा पाहणारास हा प्रश्न दिसलाच नसता.

संग्राहकांस एक सूचना येथेंच करतों. सन १८७० चा हिंदु मृत्युपत्रांचा कायदा आमच्या इलाख्यांत मुंबई शहरापुरता होता. मोफसल भागांत हिंदूच्या मृत्युपत्रास लेख व दोन साक्षीदार यांची अट ता. १ जानेवारी १९२७ पासून लागू झाली. त्यापूर्वींचा बिनसाक्षीचा कागद सोलापूरकडे मिळाला तर साक्षी नाहींत एवढ्यावरून तो बनावट ठरवूं नये. तसेंच नोंदणी कचेरींतील तिसऱ्या क्रमांकाचें पुस्तक मृत्युपत्रांचें असतें. तें करणारा मयत झाल्यावर त्याची नक्कल कोणाही अर्जदारास मिळूं शकते. या सोयीचा उपयोग आमच्यांतील फारच थोडे करतात.

६. मृत्युपत्र नसेल तेथें कज्जाचे कागद पाहावे. प्रिव्ही कौन्सिलनें सन १९४३ मध्यें निकाल दिलेला अनंत विरुद्ध शंकर हा पाटील वतनाचा कज्जा या दृष्टीनें वाचण्यासारखा आहे. कुटुंबांतील भिकाप्पा सन १९०५ मध्यें वारला. मागें पत्नी गंगाबाई व मुलगा केशव राहिला. सन १९०८ मध्यें चुलतशाखेंतील नारायण वारला व केशव एकटा उरला. सन १९१७ मध्यें तोही अविवाहित वारला. सन १८८६ च्या मुंबईच्या कायद्यानें वतनाच्या वारसांत बायकांस पुरुषांच्या मागें ठेविलें होतें. मयताची विधवा एवढाच अपवाद. गंगाबाई ही आई. म्हणून वतन शंकर या दूरच्या भाऊबंदाकडे गेलें. एवढ्यावर थांबणारा संशोधक हें घर बुडालें असें लिहील. परंतु सन १९३० मध्यें गंगाबाईनें अनंत यास दत्तक घेतलें, व तेरा वर्षांनीं वरिष्ठ न्यायालयानें तो दत्तक मान्य करून वतन परत दिलें. पुढें सन १९५४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें या तत्त्वास मर्यादा घातली, आणि सन १९५६ च्या दत्तक कायद्यानें दुसऱ्याकडे गेलेली मिळकत दत्तकानें परत घेण्याचा मार्ग बंद झाला; तो भाग कायदेपंडितांचा. आमच्यापुरता बोध इतकाच कीं, वारसाच्या नोंदींत जिचें नांव कोठेंच लागलें नाहीं त्या बाईनेंच घराणें पुढें चालविलें होतें. ‘गतकूळ’ हा शब्द पाहून लेखणी खालीं ठेवूं नये.

७. सोलापूरच्या संशोधकास आणखी एक साधन उपलब्ध आहे. सन १८७५ च्या दंग्यानंतर झालेला सन १८७९ चा दक्षिणी शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा पुणें, सातारा, नगर व सोलापूर या चार जिल्ह्यांसाठीं होता. त्यानें शेतकऱ्याचे दस्तऐवज गांव-रजिस्ट्रारसमोर लिहविण्याची व्यवस्था केली, आणि कर्जाच्या मुळापर्यंत हिशेब तपासण्याचा अधिकार न्यायाधीशांस दिला. सन १८७६-७७ च्या दुष्काळानंतर खातें सावकाराच्या नांवें गेलेलें दिसलें म्हणजे घराणें गांव सोडून गेलें असें समजूं नये. तेंच कूळ तेंच रान कसीत राहिलें असण्याचा पुष्कळ संभव असतो. ती गोष्ट या कज्जांच्या हिशेबांतून कळते.

रानाचे तुकडे कसे पडत गेले याचा दाखला डॉ. हॅरोल्ड मॅन यांनीं पुण्याजवळील पिंपळें सौदागर गांवचे कागद तपासून सन १९१७ मध्यें प्रसिद्ध केला. सन १७७१ मध्यें दर खात्यास सरासरी ४० एकर रान होतें, तें सन १९१४-१५ मध्यें ७ एकरांवर आलें होतें. या आंकड्यांमागें कित्येक वाटण्या आहेत, व प्रत्येक वाटणीमागें एक घर आहे. आज तें गांव शहरांत बुडून गेलें आहे. मॅनसाहेबांनीं वेळीं काम केलें म्हणून त्याची हकीकत राहिली. आमच्याकडे सन १९८० मध्यें पुऱ्या झालेल्या उजनी धरणाच्या पाण्याखालीं भीमाकांठचीं गांवें गेलीं. त्या गांवांचे नकाशे व फेरफार हेच आतां त्यांचें शिवार होय.

८. शेवटीं संग्राहकांस विनंति. जुना वाडा पाडतांना मोडी रुमाल रद्दींत जातो. त्यांतील सनद कोणी तरी उचलतो, पण मृत्युपत्र व वाटणीपत्र यांस कोणी विचारीत नाहीं. यापुढें सबंध रुमाल एकत्र ठेवावा. कोणत्या घरचा, कोणत्या गांवचा, कोणत्या सर्व्हे नंबराशीं संबंध असलेला, एवढें तरी त्यावर लिहावें. वंशावळ छापतांना मुली, विधवा व दत्तक यांचे रकाने मोकळे न सोडतां ज्या कागदांत त्यांचीं नांवें आढळलीं त्यांचा उल्लेख करावा. सन २००५ मध्यें मुलीस मुलाप्रमाणें जन्मतः हक्क देणारा कायदा झाला. दप्तरांत मात्र तिच्या आजीचें नांव शोधूनही मिळत नाहीं. तें शोधून देणें हें आमच्यासारख्यांचें काम आहे, आणि तें कागद हातीं आहेत तोंवरच होण्याजोगें आहे.