दोन हातांची ओळख

श्रोतेहो, भिंतीपलीकडून नुसते दोन हात दिसले, तर तो माणूस कसा आहे हे आपण सांगू का? फार तर अंदाज करू. शास्त्रज्ञांवरही एकदा हीच पाळी आली.

१९६५ च्या जुलै महिन्यात मंगोलियाच्या गोबी वाळवंटात पोलिश आणि मंगोल संशोधक खोदकाम करीत होते. झोफिया किएलान-यावोरोवस्का या विदुषींना तेथे एका डायनासोरचे दोन हात सापडले. एकेक हात सुमारे २.४ मीटर, म्हणजे आठ फुटांचा! खांद्याची हाडे होती, काही फासळ्या व मणके होते. डोके, पाय, शेपूट काही नाही. १९७० मध्ये त्याला नाव मिळाले ‘डायनोकायरस’, म्हणजे भयंकर हाताचा. मग तर्क सुरू झाले. कोणाला तो मोठा शिकारी वाटला. अमेरिकेचे जॉन ऑस्ट्रॉम यांनी १९७२ मध्ये दाखवले की हे हात शहामृगासारख्या दिसणाऱ्या डायनासोरांच्या हातांशी जुळतात. पण बाकीचे शरीर कुठे होते?

ते यायला २००६ आणि २००९ साल उजाडले. त्याच वाळवंटात आणखी दोन सांगाडे मिळाले. मात्र २००९ च्या सांगाड्याचे डोके व पावले चोरांनी आधीच काढून नेली होती. ती हातोहात विकली जाऊन युरोपात पोहोचली. तेथे जाणकारांनी ती ओळखली. चोरांच्या हातून खड्ड्यातच राहिलेले पायाच्या बोटाचे एक हाड त्या पावलांत नेमके बसले, आणि २०१४ मध्ये मंगोलियाला आपला ठेवा परत मिळाला.

आता प्राणी पुरा दिसला. लांबी ११ मीटर, वजन सहा टनांहून अधिक. ऑस्ट्रॉम यांचा कयास खरा ठरला: हा शहामृगी डायनासोरांचाच भाऊबंद, पण सगळ्यांत थोरला. शहामृगाची चपळाई मात्र याच्यात नव्हती. पाठीवर उंच मणक्यांचे वाशिंड, तोंड बदकासारखे पसरट, दात एकही नाही. कोंबडी खडे गिळून पोटात दाणे दळते ना? याच्या पोटात तसे १,४०० हून अधिक खडे होते, आणि सोबत माशांचे अवशेष. नख्या बोथट, त्या पाणवनस्पती खणण्या-ओढण्याच्या कामी येत असाव्यात. म्हणजे ‘भयंकर हात’ एका पालापाचोळा नि मासळी खाणाऱ्याचे निघाले!

गुरुजनहो, मुलांना ही गोष्ट सांगताना त्या बोटाच्या हाडाची आठवण जरूर द्या. ते जागेवर राहिले म्हणूनच चोरीची हाडे कुणाची ते कळले. आपल्याकडेही चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला डायनासोरची हाडे मिळाली आहेत. उद्या नांगराच्या फाळाला हाडासारखा दगड लागला, तर तो उपटून घरी नेऊ नका. जागेवर खूण करा आणि जाणत्या माणसाला बोलवा.