अमरेलीचा सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग

काठेवाडचा जुना नकाशा म्हणजे ठिगळांची गोधडी होती. लहानमोठ्या संस्थानांच्या हद्दी एकमेकींत अशा कांहीं गुंतलेल्या असत, कीं एका दिवसाच्या बैलगाडीच्या प्रवासांत दोन-तीन राज्यें ओलांडावीं लागावीं. या गोधडींतच गायकवाडांच्या मालकीचें एक ठिगळ होतें, तें अमरेलीचें. बडोदें राज्याचे बडोदें, कडी, नवसारी आणि अमरेली असे चार प्रांत; त्यांपैकीं अमरेली राजधानीपासून दूर आणि बाकीच्या मुलुखापासून तुटलेला. या आडबाजूच्या प्रांतांत, अमरेली शहर आणि भोंवतालचीं नऊ खेडीं अशा दहा ठिकाणीं, इ. स. १८९३ मध्यें एक हुकूम अंमलांत आला. सात ते बारा वर्षांच्या प्रत्येक मुलानें आणि सात ते दहा वर्षांच्या प्रत्येक मुलीनें शाळेंत गेलेंच पाहिजे. फी पडणार नाहीं. मात्र जो पालक मूल घरीं ठेवील, त्याला दंड होईल. हिंदुस्थानांत एखाद्या सरकारानें प्राथमिक शिक्षण सक्तीचें केल्याचा हा पहिला प्रसंग होय.

हा हुकूम काढणारे सयाजीराव महाराज स्वतः नासिक जिल्ह्यांतील कवळाणें गांवच्या एका शेतकरी घराण्यांतले. १८७५ सालीं जमनाबाईसाहेबांनीं त्यांना दत्तक घेतलें, तेव्हां त्यांचें वय बारा वर्षांचें होतें आणि तोंवर शाळेचें म्हणावें असें शिक्षण त्यांच्या वांट्याला आलेलें नव्हतें. पुढें इलियट साहेबांच्या देखरेखीखालीं त्यांचा अभ्यास झाला व २८ डिसेंबर १८८१ रोजीं राज्यकारभाराचीं पूर्ण सूत्रें त्यांच्या हातीं आलीं. ज्या वयांत त्यांना स्वतःला धुळाक्षरें गिरवावीं लागलीं, त्याच वयाला अमरेलीच्या हुकुमांतील सक्ती संपत होती, ही गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे.

एवढा मोठा विचार महाराजांनीं एकदम सर्व राज्यावर लादला नाहीं, यांत त्यांचें शहाणपण दिसतें. इंग्लंडसारख्या धनाढ्य देशानेंही १८७० सालीं शाळांचा कायदा केला आणि सर्वत्र सक्ती आणण्यास १८८० साल उजाडावें लागलें. तेथें फी माफ होण्यास तर आणखी अकरा वर्षें गेलीं. अमरेलीचीं दहा गांवें ही शिक्षणखात्याची जणूं वाफ्यांतली पेरणी होती. रोप धरतें कीं नाहीं तें पाहूनच पुढें लावणी करावयाची होती.

या पेरणींत अडचण कोठें होती, हें समजण्यास शेतकऱ्याच्या घरांत डोकावलें पाहिजे. आठ वर्षांचें मूल तेथें नुसतें खाणारें तोंड नसतें. गुरांमागें जाणें, पांखरें हांकणें, कापूस वेंचणें, धाकट्या भावंडाला सांभाळणें हीं कामें त्याच्याच अंगावर असतात. तेव्हां सरकारानें फी माफ केली, तरी शिक्षण फुकट झालें असें त्या घराला वाटत नाहीं. मुलाचा गुराखीपणा गेला तर गुराख्याला मजुरी द्यावी लागते, आणि ती मजुरी कोणत्याही अंदाजपत्रकांत दिसत नाहीं. हुकुमाची बजावणी व्हावयाची तीही गांवांतच. शाळेच्या वयाच्या मुलांची यादी करावयाची, हजेरीपट तपासावयाचा, गैरहजर मुलाच्या बापाला समज द्यावयाची आणि तो ऐकेना तर दंड वसूल करावयाचा. ज्या पटेलाला त्याच गांवांत जन्म काढावयाचा असतो, त्याला शेजाऱ्याकडून मूल शाळेंत न आल्याबद्दल पैसे घेणें किती जड जात असेल, याची कल्पना खेड्यांत राहिलेल्या कोणालाही येईल.

पैशाची बाजू मात्र या प्रयोगांत सरळ होती. खर्चाचा मुख्य भार दरबारच्या तिजोरीनें उचलला. शेजारच्या मुंबई इलाख्यांतील व्यवस्था याहून निराळी होती. तेथें १८६३-६४ च्या सुमारापासून जमीनमहसुलावर रुपयामागें एक आणा लोकलफंड घेत आणि त्यांतील तिसरा हिस्सा शाळांना देत. १८८४ च्या कायद्यानें हा कारभार जिल्हा व तालुका लोकल बोर्डांकडे आला. कल्पना चांगली होती. परंतु फंड भरणारीं गांवें सगळीं आणि शाळा असलेलीं गांवें थोडीं, असा तिचा व्यवहार होऊन बसला. वर्षानुवर्षें पट्टी भरून ज्या गांवाला शाळेचें दार दिसलें नाहीं, त्या गांवाला स्थानिक स्वराज्याचें कौतुक कोठून वाटावें? बडोद्यांत उलट प्रकार होता. तेथें शाळा आली, पैसाही आला. पण दोन्ही वरून आलीं. गांवाचा त्यांत हात होता तो आज्ञा पाळण्यापुरता.

प्रयोगास सहा वर्षें होतात न होतात तोंच १८९९-१९०० चा दुष्काळ पडला. गुजरातेंत व काठेवाडांत हा छप्पन्नाचा दुष्काळ म्हणून पुढें पिढ्यान्‌पिढ्या आठवला गेला, कारण तें विक्रम संवत् १९५६ होतें. १८९१ च्या खानेसुमारींत बडोदें राज्याची वस्ती चोवीस लाखांवर होती; १९०१ च्या खानेसुमारींत ती साडेएकोणीस लाखांवर आली. चार-साडेचार लाख माणसें खानेसुमारीच्या वहींतून पुसलीं गेलीं. अशा वेळीं एखाद्या दिवाणानें सक्तीचें शिक्षण गुंडाळून ठेवा असा सल्ला दिला असता, तरी त्याला कोणी दोष दिला नसता. परंतु त्याच १९०१ सालीं सक्ती सबंध अमरेली तालुक्याला लागूं झाली, आणि १९०६ सालीं सर्व राज्याला. आतां मुलांचें वय सहा ते बारा आणि मुलींचें सहा ते दहा ठरलें. मुलींची मर्यादा लवकरच अकरांवर नेली.

याचें फळ आंकड्यांत दिसूं लागलें. १९०९ सालीं राज्यांत सुमारें एक लाख पासष्ट हजार मुलेंमुली शाळेंत होतीं, म्हणजे लोकसंख्येच्या शेंकडा ८·६. ब्रिटिश हिंदुस्थानांत हेंच प्रमाण शेंकडा १·९ होतें. शाळेच्या वयाच्या शंभर मुलांपैकीं बडोद्यांत जवळजवळ ऐंशी शाळेंत होते, ब्रिटिश हद्दींत साडेएकवीस. मुलींत तर बडोद्यांत शेंकडा ४७·६ आणि ब्रिटिश हद्दींत अवघ्या चार. खर्च साडेसात लाख रुपये, म्हणजे दरडोई सुमारें सहा आणे. ब्रिटिश हिंदुस्थानांत हाच खर्च दरडोई आण्याच्या घरांत होता.

हे आंकडे अचूक हेरले ते नामदार गोखल्यांनीं. १९१० च्या मार्चमध्यें त्यांनीं वरिष्ठ कायदे कौन्सिलांत सक्तीच्या शिक्षणाचा ठराव आणला आणि १६ मार्च १९११ रोजीं त्याचें बिल मांडलें. तें फार सौम्य होतें. ज्या भागांत अगोदरच कांहीं ठरावीक प्रमाणांत मुलें शाळेंत जात आहेत, तेथल्याच म्युनिसिपालिटीनें किंवा बोर्डानें वाटल्यास, सरकारची संमति घेऊन, सहा ते दहा वर्षांच्या मुलांपुरती सक्ती करावी. खर्चाचे दोन हिस्से सरकारनें व एक स्थानिक संस्थेनें सोसावा. दरमहा दहा रुपयांहून कमी प्राप्ति असणाऱ्या पालकाला फी माफ असावी. बडोद्याचा दाखला गोखल्यांनीं मुद्दाम दिला, कारण ‘हें विलायतेंत चालेल, येथें नाहीं’ या उत्तराला तेवढाच तोडगा होता. सरकारपक्षानें पैशाची अडचण व लोकांची नाखुषी पुढें केली. १९ मार्च १९१२ रोजीं बिल तेरा विरुद्ध अडतीस मतांनीं पडलें. सहा आणे एका संस्थानाला झेपले आणि साम्राज्याला झेपले नाहींत, ही त्या वादाची खरी मेख होती. तिला उत्तर मिळालेंच नाहीं.

तें बिल पडलें तरी विचार पडला नाहीं. करवीरच्या शाहू छत्रपतींनीं १९१७ सालीं आपल्या राज्यांत मोफत व सक्तीचें प्राथमिक शिक्षण जाहीर केलें आणि मूल न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. १९१८ सालीं विठ्ठलभाई पटेलांच्या कायद्यानें मुंबई इलाख्यांतील म्युनिसिपालिट्यांना सक्ती करण्याची मुभा मिळाली.

शाळा सर्वांसाठीं म्हटली, तरी सर्वांना एकाच बांकावर बसविणें हें हुकुमानें साधलें नाहीं. बडोद्यांत अस्पृश्यांच्या मुलांकरितां १८८३ च्या सुमारास निराळ्या शाळा निघाल्या, पण त्यांत शिकविण्यास सवर्ण हिंदु शिक्षक येईनात; मुसलमान शिक्षक नेमावे लागले, पुढें आर्यसमाजी आले. सक्तीचा दंड बापाला होता, शिक्षकाला नव्हता. याच राज्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ सालीं भीमराव आंबेडकर अमेरिकेंत कोलंबिया विद्यापीठांत गेले, हेंही येथेंच नमूद केलें पाहिजे.

आतां कसोटीचा प्रश्न उरतो: शाळेंत घातलेलीं मुलें शिकलीं किती? पट भरणें आणि डोकें भरणें हीं दोन कामें आहेत. नियमाप्रमाणें मूल ठरावीक इयत्ता उत्तीर्ण झालें तर सुटे, आणि वयाची मर्यादा ओलांडली तरीही सुटे. यामुळें पहिल्या-दुसऱ्या इयत्तेंतच वर्षें काढून वयाच्या दारानें बाहेर पडण्याची वाट मोकळी राहिली. बापाला दंड चुकवावयाचा होता, मास्तरला पट दाखवावयाचा होता, आणि मुलाला गुरांकडे जावयाचें होतें. तिघांचीही सोय त्यांत होत असे. दरबारच्या हें ध्यानांत आलें आणि पुढें वयाची मर्यादा वाढवून उत्तीर्ण होण्याची इयत्ताही वरची केली. रोग एकट्या बडोद्याचा नव्हता. १९२९ च्या हार्टाग कमिटीनें ब्रिटिश हिंदुस्थानाबद्दल दाखवून दिलें, कीं १९२२-२३ सालीं पहिल्या इयत्तेंत असलेल्या शंभर मुलांमागें १९२५-२६ सालीं चौथींत अठराच होतीं. बाकीच्यांवर झालेला खर्च वाळूंत ओतलेल्या पाण्यासारखा गेला. शाळा वाढवूं नका, आहेत त्या सुधारा, असा निष्कर्ष कमिटीनें काढला. तो अर्धाच खरा होता. ज्या गांवांत शाळाच नाहीं तेथें सुधारावयाचें काय?

१९३१ च्या खानेसुमारींत साक्षरतेंत बडोदें ब्रिटिश इलाख्यांच्या पुष्कळ पुढें होतें. परंतु त्रावणकोर आणि कोचीन हीं संस्थानें बडोद्याच्याही पुढें होतीं. त्यांच्या यशामागें दंडाचा बडगा नव्हता. त्रावणकोरांत १८१७ पासून राज्यानें शिक्षणाचा खर्च आपला मानला होता, मिशनऱ्यांच्या व खाजगी शाळांना अनुदान मिळत होतें आणि मुलींना शाळेंत पाठविण्याची चाल घरोघर रुजली होती. अमरेलीच्या चाहत्यांना ही तुलना आवडत नसे. पण ती टाळतां येत नाहीं.

शाळा सोडलेलें मूल चार-पांच वर्षांत अक्षर विसरतें, हें महाराजांनीं ओळखलें होतें. १९०६ सालीं अमेरिकेंत त्यांनीं सार्वजनिक ग्रंथालयें पाहिलीं आणि १९१० सालीं बॉर्डन नांवाच्या अमेरिकन तज्ज्ञाला बडोद्यास आणलें. पुस्तकांच्या पेट्या खेड्यांतून फिरूं लागल्या. गांवच्या ग्रंथालयासाठीं मात्र निराळी रीत ठेवली: गांवकऱ्यांनीं जितकी वर्गणी जमवावी, तितकीच रक्कम प्रांत पंचायतीनें आणि तितकीच दरबारनें घालावी. शाळेसाठीं ज्यांच्यावर दंडाचा धाक होता, त्याच लोकांनीं येथें आपला तिसरा हिस्सा आपण होऊन उभा केला, आणि अशीं ग्रंथालयें शेंकड्यांनीं झालीं.

१ मे १९४९ रोजीं बडोदें संस्थान मुंबई राज्यांत विलीन झालें आणि अमरेलीच्या शाळा मुंबई सरकारच्या शिक्षणखात्याखालीं गेल्या. अकरा वर्षांनीं, १ मे १९६० रोजीं, गुजरात राज्य निराळें झालें. त्याचे पहिले मुख्यमंत्री डॉ. जीवराज मेहता हे जन्मानें अमरेलीचे. दहा गांवांत सक्तीचा हुकूम लागूं झाला, तेव्हां ते पांच-सहा वर्षांचे होते.