मनोरा नसलेल्या विमानतळावरील शिस्त

मुंबई किंवा दिल्लीच्या विमानतळावर उड्डाणापूर्वी विमान धावपट्टीपाशी येऊन थांबते, तेव्हा ते नियंत्रण मनोऱ्यातून मिळणाऱ्या परवानगीची वाट पाहत असते, हे नेहमीच्या प्रवाशाला ठाऊक असते. ही परवानगी मिळाल्याखेरीज तेथे कोणतेही विमान धावपट्टीवर येत नाही. मात्र लहान गावांच्या असंख्य विमानतळांवर असा मनोराच नसतो. अमेरिकेत सार्वजनिक वापराचे सुमारे ५ हजार विमानतळ आहेत आणि त्यांपैकी मनोरे आहेत ते ५०० हून थोड्या अधिक ठिकाणी. उरलेल्या विमानतळांवर विमान केव्हा उतरवायचे आणि केव्हा उडवायचे, याचा निर्णय वैमानिक एकमेकांशी बोलून घेतात. वैमानिक होण्यासाठी अमेरिकेत जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांना ही पद्धत प्रशिक्षणातच शिकावी लागते.

सामाईक लहरीवरील संवाद

अशा प्रत्येक विमानतळासाठी एक रेडिओ फ्रिक्वेन्सी ठरवून दिलेली असते. तिला 'सामाईक वाहतूक सूचना फ्रिक्वेन्सी' म्हणता येईल. येणाऱ्या विमानाने साधारण १० मैल अंतरावर असताना आपली पहिली सूचना द्यावी, असा संकेत आहे. त्यानंतर विमानतळाभोवतीच्या ठराविक चौकोनी मार्गावर येताना, प्रत्येक वळणावर आणि अखेरच्या सरळ टप्प्यावर पुन्हा सूचना द्यायची असते. जाणाऱ्या विमानाने धावपट्टीवर येण्यापूर्वी आपला इरादा जाहीर करावा, अशी अपेक्षा असते. सूचनेच्या आरंभी आणि शेवटी विमानतळाचे नाव उच्चारतात. आसपासच्या अनेक विमानतळांना एकच फ्रिक्वेन्सी दिलेली असू शकते. त्यामुळे नाव नीट ऐकू आले नाही, तर सूचना कोणत्या गावची हेच ऐकणाऱ्याला कळत नाही.

धावपट्टीचा क्रमांक हादेखील या संवादाचा महत्त्वाचा भाग आहे. धावपट्टीची चुंबकीय दिशा दहाच्या पटीत धरून त्यातील शेवटचे शून्य वगळले की हा क्रमांक मिळतो. १३ क्रमांकाची धावपट्टी म्हणजे सुमारे १३० अंशांच्या दिशेची. तीच उलट बाजूने वापरली की ३१ क्रमांकाची होते. कोणती बाजू वापरायची हे वैमानिक प्रामुख्याने वारा पाहून ठरवतात, कारण विमान शक्यतो वाऱ्याच्या समोरून उतरवायचे असते. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी म्हणूनच अशा विमानतळावर अत्यावश्यक ठरते. रात्री धावपट्टीवरील दिवेही अनेक ठिकाणी वैमानिकच लावतो. रेडिओचे बटण पाच सेकंदांत सात वेळा दाबले की दिवे पूर्ण तेजाने लागतात. पाच वेळा दाबल्यास मध्यम आणि तीन वेळा दाबल्यास मंद.

अग्रक्रमाचेही नियम आहेत. उतरण्याच्या अखेरच्या टप्प्यात असलेल्या विमानाला जमिनीवरील विमानाने वाट द्यावी लागते. दोन विमाने एकाच वेळी उतरू पाहत असतील, तर कमी उंचीवरील विमानाचा हक्क आधी. पण या नियमाचा फायदा उठवून दुसऱ्याच्या पुढे घुसण्यास मनाई आहे. अडचण अशी की, नियम मोडला जात असताना 'थांबा' म्हणणारा तिसरा कोणी तेथे नसतो.

क्विन्सीची संध्याकाळ

ही उणीव किती महाग पडू शकते, हे १९ नोव्हेंबर १९९६ रोजी इलिनॉय राज्यातील क्विन्सी येथे दिसले. शिकागोहून बर्लिंग्टनमार्गे आलेले 'युनायटेड एक्स्प्रेस'चे बीचक्राफ्ट १९०० जातीचे विमान सायंकाळी पाचच्या सुमारास १३ क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरत होते. त्यात १० प्रवासी आणि दोन वैमानिक होते. या धावपट्टीला छेदणाऱ्या ०४ क्रमांकाच्या धावपट्टीवर दोघे जण असलेले एक किंग एअर विमान उड्डाणासाठी उभे होते आणि त्याच्या मागे पायपर चेरोकी हे छोटे विमान आपल्या पाळीची वाट पाहत होते.

उतरणाऱ्या विमानाच्या वैमानिकांनी आपण येत असल्याच्या सूचना वेळोवेळी दिल्या होत्या. ०४ क्रमांकावरील विमान थांबणार आहे की उडणार आहे, असेही त्यांनी रेडिओवर स्पष्ट विचारले. किंग एअरने उत्तर दिले नाही. उत्तर दिले ते मागे उभ्या असलेल्या चेरोकीच्या वैमानिकाने, आपण थांबलो आहोत असे सांगून. त्याच्या बोलण्याचा काही भाग उतरणाऱ्या विमानातील इशारायंत्राच्या आवाजात बुडाला. हे उत्तर किंग एअरचेच, असा समज करून घेऊन वैमानिक निर्धास्तपणे उतरले. त्याच वेळी किंग एअरने धाव घेतली. दोन्ही विमाने धावपट्ट्यांच्या छेदबिंदूवर आदळली आणि दोन्हींतील मिळून १४ जणांचा मृत्यू झाला.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने या अपघाताचे मुख्य कारण किंग एअरच्या वैमानिकांच्या दुर्लक्षात पाहिले. त्यांनी सामाईक फ्रिक्वेन्सीकडे पुरेसे लक्ष दिले नाही आणि दुसरे विमान येत आहे का, याची नीट पाहणीही केली नाही. चेरोकीच्या अर्धवट ऐकू आलेल्या उत्तरामुळे झालेला गैरसमज मंडळाने पूरक कारण मानला. याहून चटका लावणारा निष्कर्ष पुढचा आहे. बीचक्राफ्टमधील माणसे टकरीच्या धक्क्यातून वाचली होती. मदतीला धावलेल्यांना विमानाचा दरवाजा उघडता आला नाही, आग विझवण्याची पुरेशी सोय विमानतळावर नव्हती आणि आतील सर्व जण धूर व आगीला बळी पडले. १० ते ३० आसनांच्या नियमित विमानसेवा असलेल्या विमानतळांना अमेरिकेच्या प्रमाणपत्र-नियमांच्या कक्षेत आणणारा बदल पुढे २००४ मध्ये झाला.

रेडिओ पुरेसा नाही

क्विन्सीवरून सर्वांनी नीट बोलावे एवढाच बोध घेतला, तर तो अपुरा ठरेल. १८ ऑगस्ट २०२२ रोजी कॅलिफोर्नियातील वॉटसनव्हिल येथे सेस्ना १५२ आणि सेस्ना ३४० ही विमाने उतरताना हवेतच धडकली आणि तिघे दगावले. दोन्ही वैमानिक आपापल्या जागेची सूचना देत होते. पण लहान विमान नेहमीच्या चौकोनी मार्गाने येत होते, तर दोन इंजिनांचे मोठे विमान लांबून सरळ रेषेत आणि त्या टप्प्यासाठी फार जास्त वेगाने येत होते. समोरच्याची जागा कानांनी समजली, तरी तो किती झपाट्याने जवळ येत आहे, हे डोळ्यांनीच पाहावे लागते. तेवढा वेळ त्या वेगाने उरू दिला नाही.

शिवाय अमेरिकेत मनोरा नसलेल्या बहुतेक विमानतळांवर रेडिओ बाळगणेही सक्तीचे नाही. रेडिओविना उडणारी जुनी विमाने तेथे कायदेशीरपणे उतरू शकतात. रेडिओ असलेला वैमानिक चुकीच्या फ्रिक्वेन्सीवर बोलत असू शकतो, दोघे एकाच क्षणी बोलले तर दोघांचेही बोलणे विस्कटते आणि एखाद्याचे बटण दाबलेलेच राहिले, तर इतरांची तोंडे आपोआप बंद होतात. ऑस्ट्रेलियातील काही विमानतळांवर यावर एक साधा उपाय आहे. वैमानिक बोलला की जमिनीवरील स्वयंचलित यंत्र विमानतळाचे नाव किंवा छोटासा नाद परत पाठवते. आपण योग्य फ्रिक्वेन्सीवर आहोत, याची त्यामुळे खात्री पटते. मात्र आपले बोलणे कोणी ऐकले, याची नाही.

विमानाचे स्थान आपोआप प्रसारित करणारी उपकरणे अमेरिकेत १ जानेवारी २०२० पासून मोठ्या विमानतळांच्या परिसरात बंधनकारक झाली. लहान विमानतळांभोवती त्यांची सक्ती बहुतेक ठिकाणी नाही. त्यामुळे पडद्यावर कोणी दिसत नाही, म्हणून आकाश मोकळे आहे असे मानता येत नाही.

प्रत्येक लहान विमानतळावर मनोरा उभारणे आणि तो चालवणे खर्चाचे आहे. दिवसाकाठी मोजकीच विमाने येणाऱ्या गावाला ते परवडणारही नाही. म्हणून अशा ठिकाणची सुरक्षितता काही जुन्या सवयींवरच उभी आहे: धावपट्टीवर येण्यापूर्वी दोन्ही दिशांना आकाश पाहणे, धाव घेण्याआधी ते जाहीर करणे आणि उत्तर आले तर ते नेमके कोणाचे, याची पुन्हा विचारून खात्री करणे. क्विन्सीत प्रश्न योग्य वेळी विचारला गेला होता. उत्तर कोणी दिले, एवढेच विचारायचे राहिले.