क्षमा आणि न्याय : फुटबॉलमधील निलंबनाची एक जुनी कथा

आमच्या पिढीची जागतिक फुटबॉलशी ओळख झाली ती १९८६ साली, दूरदर्शनमुळे. पंचाने खिशातून लाल कार्ड काढले की खेळाडू मान खाली घालून बाहेर जातो आणि पुढच्या सामन्यात दिसत नाही, एवढेच शिक्षेचे स्वरूप तेव्हा आम्हांला ठाऊक होते. मैदानाबाहेर, बंद दाराआड चालणारी आणखी एक न्यायव्यवस्था या खेळात आहे, ती खेळाडूची रोजीरोटी काही महिन्यांसाठी किंवा जन्मभरासाठी काढून घेऊ शकते आणि तिच्याशी खेळाडूंचे भांडण शंभर वर्षांहून जुने आहे, हे पुष्कळ नंतर वाचनातून कळले. अमुक एकाने गुन्हा केला की नाही, एवढाच त्या भांडणाचा मुद्दा कधीच नव्हता. ते ठरवणार कोण, आणि ठरवणाऱ्याविरुद्ध दाद मागायची कुठे, हा त्यातला खरा प्रश्न. मँचेस्टरच्या दोन खेळाडूंच्या आयुष्यात तो जितका स्पष्ट दिसतो तितका इतरत्र क्वचितच दिसत असेल. त्यांपैकी एक सँडी टर्नबुल आणि दुसरा इनॉक वेस्ट.

आधी पार्श्वभूमी. इंग्लंडमध्ये पैसे घेऊन खेळण्यास १८८५ साली मान्यता मिळाली. मात्र फुटबॉल असोसिएशनचा कारभार पाहणाऱ्या मंडळींच्या मनातून हौशी खेळाची प्रतिष्ठा गेली नव्हती. १९०१ पासून खेळाडूच्या वेतनाला आठवड्याला चार पौंडांची मर्यादा घालण्यात आली. नियम करणारी, चौकशी करणारी आणि शिक्षा ठोठावणारी संस्था एकच होती. खेळाडूने नोंदणी केली की हे सारे त्याला मान्य आहे असे गृहीत धरले जाई.

या व्यवस्थेचा पहिला मोठा तडाखा बसला तो वेल्सच्या बिली मेरेडिथला. तो मँचेस्टर सिटीचा आणि त्या काळातला अव्वल विंगर. १९०५ साली हंगामाच्या अखेरच्या सामन्यात अॅस्टन व्हिलाच्या कर्णधाराला दहा पौंडांची लाच देऊ केल्याच्या आरोपावरून त्याला निलंबित करण्यात आले. निलंबनाच्या काळात क्लबने त्याला पैसे देणेही नियमाविरुद्ध होते. क्लबने हात वर केले तेव्हा चिडलेल्या मेरेडिथने वेतनमर्यादा मोडून खेळाडूंना चोरून पैसे दिले जातात ही गोष्ट उघड केली. १९०६ साली असोसिएशनने सिटीच्या सतरा खेळाडूंना एकदम निलंबित केले. त्यांची बंदी १ जानेवारी १९०७ रोजी संपली. त्या सतरांत सँडी टर्नबुल होता. मेरेडिथबरोबर तोही शेजारच्या मँचेस्टर युनायटेडमध्ये गेला.

२ डिसेंबर १९०७ रोजी मँचेस्टरच्या इंपीरियल हॉटेलात खेळाडूंच्या संघटनेची स्थापना झाली आणि तिच्या पुढाऱ्यांत मेरेडिथ होता. वेतनमर्यादा जावी ही संघटनेची मागणी होतीच. पण असोसिएशनला अधिक बोचली ती दुसरीच गोष्ट. दुखापतीच्या नुकसानभरपाईसाठी इतर कामगारांप्रमाणे खेळाडूंनाही न्यायालयात जाता यावे, असे संघटनेचे म्हणणे होते. घरातले भांडण घरातच मिटावे, ही असोसिएशनची भूमिका. १९०९ च्या उन्हाळ्यात तिने फर्मान काढले की संघटना सोडा, नाहीतर नोंदणी जाईल. मँचेस्टर युनायटेडचे खेळाडू हटले नाहीत. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ब्रिस्टल सिटीविरुद्धच्या अंतिम सामन्यात एकमेव गोल करून क्लबला एफ. ए. चषक मिळवून देणारा टर्नबुल आता पुन्हा निलंबितांच्या रांगेत उभा होता. या खेळाडूंनी एकत्र छायाचित्र काढून घेतले आणि स्वतःला नाव दिले ‘आउटकास्ट्स’, म्हणजे बहिष्कृत. नवा हंगाम तोंडावर आला तेव्हा तडजोड झाली. संघटनेला मान्यता मिळाली, पण शिक्षेविरुद्ध दाद कुठे मागायची या प्रश्नाला कुणी हात घातला नाही.

तो प्रश्न सहा वर्षांनी अधिक भीषण रूपात पुढे आला. २ एप्रिल १९१५, गुड फ्रायडे. महायुद्ध सुरू होऊन आठ महिने झाले होते. या हंगामानंतर व्यावसायिक स्पर्धा थांबणार हे खेळाडूंना दिसत होते आणि स्पर्धा थांबली की उत्पन्नही थांबणार होते. ओल्ड ट्रॅफर्डवर युनायटेडने लिव्हरपूलला २-० असे हरवले. दोन्ही गोल जॉर्ज अँडरसनचे. एक पेनल्टी लक्ष्यापासून फारच दूर गेली. शेवटी शेवटी लिव्हरपूलच्या फ्रेड पॅग्नमचा फटका गोलच्या आडव्या दांड्यावर आदळला, तेव्हा त्याचेच सहकारी त्याच्यावर उखडले. लवकरच समजले की नेमक्या २-० या निकालावर एकास सात या दराने बऱ्याच पैजा लागल्या होत्या.

२७ डिसेंबर १९१५ रोजी चौकशीचा निकाल लागला. लिव्हरपूलचे शेल्डन, मिलर, पर्सेल व फेअरफूल आणि युनायटेडचे टर्नबुल, व्हॅली व वेस्ट अशा सात जणांवर जन्मभराची बंदी आली. कट खेळाडूंचा, क्लबांचा नव्हे, असे ठरले. त्यामुळे दोन्ही क्लबांना ना दंड झाला ना त्यांचे गुण कापले गेले. ते दोन गुण किरकोळ नव्हते. त्या हंगामात युनायटेड चेल्सीपेक्षा अवघ्या एका गुणाने वर राहिले होते. ज्या निकालाबद्दल माणसे जन्माची हद्दपार झाली, तो निकाल मात्र नोंदवहीत अबाधित राहिला.

युनायटेडच्या त्या तिघांपैकी प्रत्यक्ष सामन्यात खेळलेला एकटा इनॉक वेस्ट. आपण निर्दोष आहोत हे त्याने पहिल्या दिवसापासून सांगितले. असोसिएशनच्या आत अपिलाला जागा नव्हती, म्हणून अब्रुनुकसानीचा दावा लावून तो न्यायालयात गेला. शिक्षेची शहानिशा करून घेण्याचा तोच एक आडमार्ग त्याला सापडला होता. त्याच सामन्यात खेळलेल्या मेरेडिथने साक्षीत सांगितले की कटाची आपल्याला माहिती नव्हती, पण आपल्याकडे कुणी चेंडूच देईना तेव्हा संशय आला. १९१७ साली वेस्ट दावा हरला.

त्याच वर्षी ३ मे रोजी टर्नबुल अरासच्या लढाईत मारला गेला. दहा-अकरा वर्षांत तीन वेळा निलंबित झालेल्या या माणसाचे नाव आज अरास येथील स्मारकावर आहे. युद्ध संपल्यावर १९१९ साली देशसेवेचा गौरव म्हणून बंदी उठवण्यात आली. मृत टर्नबुललाही खेळाडू म्हणून पुन्हा मान्यता मिळाली. वगळला गेला तो एकटा वेस्ट. त्याची बंदी उठली १९४५ साली, म्हणजे मध्ये दुसरेही महायुद्ध होऊन गेल्यावर. तेव्हा तो ५९ वर्षांचा होता.

वेस्ट निर्दोष होता असे आमचे म्हणणे नाही. न्यायालयानेही त्याला साथ दिली नाही आणि त्याच्याविरुद्धचा पुरावा पोकळ होता असे मानायला आधार नाही. आम्हांला खटकते ती गोष्ट वेगळी आहे. १९१९ साली जे दिले गेले ती क्षमा होती. पुरावा पुन्हा तपासला गेला नाही, शिक्षा गुन्ह्याच्या मानाने योग्य होती का याचाही विचार झाला नाही. जन्मभराची म्हणून दिलेली शिक्षा सहा जणांच्या बाबतीत चार वर्षांत संपली आणि सातव्याच्या बाबतीत तीस वर्षे चालली. हा फरक कोणत्या नियमाने पडला हे विचारण्याची सोय नव्हती. क्षमा करणे हा देणाऱ्याचा अधिकार असतो, मागणाऱ्याचा नव्हे. ज्याने क्षमेऐवजी न्याय मागितला तोच शेवटपर्यंत दाराबाहेर राहिला, ही या कथेतील विसंगती दृष्टीआड करता येत नाही.

पुढे न्यायालयांचा संकोच हळूहळू कमी झाला. इंग्लंडचे प्रशिक्षक डॉन रेव्ही यांनी १९७७ साली करार मोडून संयुक्त अरब अमिरातीची नोकरी धरली, तेव्हा असोसिएशनने त्यांच्यावर दहा वर्षांची बंदी घातली. १९७९ साली न्यायमूर्ती कँटली यांनी ती रद्द ठरवली. रेव्हींच्या वर्तनाबद्दल न्यायमूर्तींनी अत्यंत कठोर शब्द वापरले, तरीही निकाल दिला तो त्यांच्या बाजूने, कारण शिक्षा देणाऱ्या मंडळावर पक्षपाताची छाया होती. रेव्ही खेळाडू म्हणून नव्हे, प्रशिक्षक म्हणून भांडत होते. पण वेस्टला जे हवे होते ते तत्त्व येथे मान्य झाले. माणूस दोषी असला तरी फिर्यादीनेच न्यायाधीश होऊ नये.

लोझान येथील क्रीडा लवाद १९८४ साली सुरू झाला आणि फिफाने त्याचा अधिकार २००२ साली मान्य केला. आता शिक्षेविरुद्ध बाहेर दाद मागता येते, आणि लवादाच्या निवाड्याविरुद्ध मर्यादित कारणांसाठी स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयातही जाता येते. त्याचा अर्थ काय होतो हे २०१८ साली पेरूचा कर्णधार पाओलो गेरेरो याच्या प्रकरणात दिसले. ऑक्टोबर २०१७ च्या चाचणीत त्याच्या नमुन्यात कोकेनशी संबंधित अंश आढळला. कोकाच्या पानांचा संसर्ग झालेल्या चहातून तो नकळत पोटात गेला, असे त्याचे म्हणणे. फिफाने एक वर्षाची बंदी घातली, अपिलात ती सहा महिन्यांवर आली, आणि लवादाने मे २०१८ मध्ये ती चौदा महिने केली. पेरू ३६ वर्षांनी विश्वचषकात उतरणार होता. गटातल्या प्रतिस्पर्धी फ्रान्स, डेन्मार्क आणि ऑस्ट्रेलिया यांच्या कर्णधारांनी त्याला खेळू द्यावे म्हणून फिफाला पत्र लिहिले. पण दार उघडले ते पत्राने नव्हे. ३१ मे रोजी स्विस न्यायालयाने बंदीला अंतरिम स्थगिती दिली. गेरेरो रशियात खेळला, ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याने गोलही केला. ऑगस्टमध्ये स्थगिती उठली आणि उरलेली शिक्षा त्याने एप्रिल २०१९ पर्यंत भोगली.

शिक्षा टळली नाही, म्हणजे गेरेरो जिंकला असे म्हणता येत नाही. तरीही वेस्टच्या आणि त्याच्या परिस्थितीत मूलभूत फरक आहे. फुटबॉलपटूची कारकीर्द पंधरा-सोळा वर्षांची. तीत निकालाची वाट पाहण्यात गेलेला काळ हीदेखील शिक्षाच असते, हे स्थगिती देणाऱ्या न्यायालयाने ओळखले.

आजची व्यवस्थाही निर्दोष नाही. लोझानपर्यंत जाण्याचा खर्च प्रत्येकाला परवडत नाही, आणि लवादाच्या स्वातंत्र्याबद्दलचे वाद २०१८ साली युरोपीय मानवाधिकार न्यायालयापर्यंत गेले. तिथे बहुमताने लवादाला पुरेसे स्वतंत्र मानले गेले. मात्र एका स्केटिंगपटूला उघड सुनावणी नाकारणे चूक होते, असेही त्या न्यायालयाने म्हटले. बंद दाराआडचा न्याय अजूनही वादाचाच विषय आहे. त्या दारावर पहिली थाप मारणाऱ्यांत इनॉक वेस्ट होता. १९४५ साली त्याला खेळण्याची परवानगी देणारा कागद मिळाला, तेव्हा परवानगी देण्याजोगे काही उरले आहे का, हे कुणी पाहिले असेल असे आम्हांला वाटत नाही.